कुदळीच्या दांड्याएवढी

कामरगाव
८ डिसेंबर २०२३

दादा, जय भीम.

तुहा फोन तीन डाव येऊन गेला, मी उचलला नाई. राग धरू नोको. फोनवर तू रडतं, तुहं आयकून मी रडते, अन आमा दोघाइले पाहून सुकेशनी भोकाड पसरते. कामाची गोठ राहूनच जाते. तू तठी हिमाचलात बोगद्याच्या साईडवर, मी अठी सासरी. तवा आता आपन कागदावर बोलू. पत्र दोनदा वाचता येते.

सुकेशनीच्या बाबाले जाऊन साडेसहा महिने झाले. मागच्या सोमवारी तुह्या शेठचा मानूस एक कागद घेऊन आला होता. त्यात छापलं हाये का, हेल्पर प्रसेनजित इंगोले यानं कपलरची पिन लावली नाई, सोताच्या चुकीनं तो बकेटीखाली सापडला, अन त्याच्या बायकोची कोनावरच तक्रार नाई. खाली माहं नाव हाये. त्याच्यावर सही पायजे म्हने.

सही करीन मी. तुह्याच मशीनवर होते ते, तूच त्याइले कामाले लावलं होतं, मंग तुह्यापेक्षा जास्त कोनाले ठाऊक असन? पन दादा, बारावी शिकली मी. समजल्याशिवाय सही कशी करू? पोकलेन मी रस्त्यानं जातांनीच पाह्यली. हे कपलर काय असते, पिन कोठी लागते, बकेट कशी पडते, सगळं मले लिवून सांग. लहानपनी तू मले गनितं समजावून सांगे तसंच सांग.

सासूबाई माह्यासंगं बोलत नाई. पोलिसाच्या कागदात कोनीतरी लिवून देल्लं का त्या सकाळी आमचं नवरा-बायकोचं भांडन झालं होतं. तवापासून त्याइनं तोंड फिरवलं.

तुही लाडकी,
मंजू


साईड ऑफिस, हिमाचल
२ जानेवारी २०२४

मंजू, जय भीम.

तुहं पत्र ऑफिसात आलं तर सारे हसून राह्यले. म्हने, नरेंद्र ऑपरेटरले कागदाचं पत्र येते, हा कोन्या जमान्याचा मानूस!

आता नीट आयक. पोकलेनचा लांब हात असते ना, त्याच्या टोकाले बकेट असते. पैले बकेट बदलाची म्हनजे घन मारमारून दोन पिना काढा, दोन मानसं लावा, पाऊन घंटा घालवा. अन आपल्या मालेगावच्या रस्त्याचं तुले ठाऊकच हाये. वीतभर माती खोदली का खाली काळा दगड. बकेट काढा, ब्रेकर लावा, दगड फोडा, ब्रेकर काढा, पुन्हा बकेट लावा. म्हनून हाताच्या टोकाले कपलर बसवते. कपलर म्हनजे दोन आकडे समज. पुढचा आकडा बकेटीच्या एका दांड्यात घालाचा, हात वळवाचा, केबिनमंधलं बटन दाबाचं. तेलाच्या दाबानं मांगचा आकडा सरकते अन दुसरा दांडा पकडते. झालं काम! मी खाली न उतरता एका मिनिटात बकेट बदलवो. दिवसातून वीस-वीस डाव. साऱ्या साईडवर मले एक मिनिटवाला म्हनत. दुसऱ्या कोन्या ऑपरेटरच्या बापाले जमलं नाई ते.

आता पिन. एखाद्या टायमाले तेलाचा दाब गेला तर मांगचा आकडा सुटू शकते. म्हनून त्याच्या मांगून एक लोखंडी पिन आडवी घालाची, कुदळीच्या दांड्याएवढी जाड. दाब जावो का राहो, पिन असली का बकेट पडतच नाई. ती घालाचं काम खाली उभ्या हेल्परचं. म्हनजे तुह्या नवऱ्याचं. इतकुसंच काम होतं त्याले, अन तेच तो इसरला.

भांडनाचं मीच सांगतलं साहेबाले. खोटं कायले बोलू? त्या दिवशी तो डबा न घेता आला, तोंड उतरलेलं. मी म्हनलं, काय झालं जवाई? तर म्हने, तुमच्या बहिनीसंगं भांडन झालं. मानूस घरून डोकं खराब करून आला का कामात ध्यान राहत नाई. मले तुह्यावर आरोप नाई कराचा, पन तुह्या जिभेले लहानपनापासूनच लगाम नाई. नवऱ्याले कामावर धाडतांनी तरी तोंड बंद ठेवाचं होतं. आता रडून काय फायदा?

जे झालं ते झालं. कागदावर सही करून दे. शेठ मले अठी नव्या पोट्ट्याइले मशीन शिकवाचं काम देऊन राह्यला. ट्रेनर! अंगावर केस असली का ते अडकते.

तुहा दादा,
नरेंद्र


कामरगाव
२६ जानेवारी २०२४

दादा, जय भीम.

किती सोपं करून सांगतं रे तू. मी सांडशीत भाताचा गंज धरून पाह्यला. मूठ ढिली झाली का गंज खाली. सांडशीच्या दांड्याइले कडी घातली का मूठ सोडली तरी गंज पडत नाई. पिन म्हनजे ती कडी, बरोबर ना?

माह्या जिभेचं तू लिवलं ते मी वाचलं. खरंच असन. सासूबाई बी हेच म्हनते. परवा मी वाढलेलं ताट त्याइनं उचललं अन भाकरीसकट उकिरड्यावर पालथं केलं. म्हने, ज्या हातानं माह्या पोराले उपाशी धाडलं त्या हातचं मी खाऊ काय? सुकेशनी उकिरड्यावरची भाकर उचलाले धावली, तिले मी थापड मारली. आता ती बी माह्याजवळ झोपत नाई. तुह्या एका बयानानं माह्या घरात इतकं झालं, पन तू खरंच सांगतलं असन तर तुहा काय दोष?

दोन गोठी समजल्या नाई. बकेट वर उचललेली होती म्हनतात. मंग ते तिच्या खाली कायले गेले? अन पिन जर लावली नाई, तर ती होती कोठी?

एवढं सांग. मंग सही करते.

तुही,
मंजू


साईड ऑफिस, हिमाचल
१८ फेब्रुवारी २०२४

मंजू,

तू वकिलीन झाली काय वं? अठी बर्फात बोटं वाकत नाई अन तुले पत्राचा शौक लागला.

पिन त्याच्या पिशवीत निंगाली. पंचनाम्याच्या वक्ती साहेबानं साऱ्याइच्या समोर काढली, मोजून कागदात लिवली. किशन टँकरवाला होता तठी, त्याले इचार. याच्यावर अजूक कोन्ता पुरावा पायजे तुले?

खाली कायले गेला म्हनतं. मीच धाडला. आकडा बरोबर बसला का नाई ते केबिनमंधून दिसत नाई, खालूनच दिसते. आकडा उघडा राह्यला तर केबिनमंधी बझर वाजे, पन तो साला कारन नसतांनी बी किरकिर करे, म्हनून मी त्याची वायरच तोडली होती. तवा बकेट लावली का उचलाची अन प्रसेनजितले म्हनाचं, पाह्य बरं, बसला का. तो खाली जाये, मान वर करून पाहे अन अंगठा दाखवे. रोजचंच होतं. त्या दिवशी बी त्यानं अंगठा दाखवला. अंगठा वरच होता, तवाच बकेट सुटली.

तुले आयकाचंच हाये तर आयक. आवाज बी नाई आला त्याचा. बकेट त्याच्या अंगावर, अन ती उचलाची म्हनजे कपलर पुन्हा लावा लागते. साऱ्या साईडवर एक मिनिटवाला मी, अन त्या डाव माह्या हातून आकडा दांड्यात जाऊनच नाई राह्यला. सात-आठ मिनिटं लागले. हे मी कोनालेच सांगतलं नाई.

तवा मले बी दुख हाये. नुसता तुहा नवराच नोहता तो, माहा बी जवाई होता. पन मेलेल्याच्या मांगं जित्याइनं मरावं काय? सही कर अन मोकळी हो.

नरेंद्र


कामरगाव
५ मार्च २०२४

दादा,

सात-आठ मिनिटं. तू लिवलं नसतं तर मले कधीच समजलं नसतं.

आता एकच इचारते, मंग तुले त्रास देत नाई. आमचं भांडन झालं हे त्याइनं तुले सांगतलं. कायच्यावरून झालं ते सांगतलं काय? तू इचारलं काय? बराबर आठवून लिव.

मंजू


साईड ऑफिस, हिमाचल
२९ मार्च २०२४

मंजू,

नाई सांगतलं अन मी इचारलं बी नाई. नवरा-बायकोचं कायच्यावरून होते? भाजीत मीठ, सासूची कुरकुर, नाई तर बाजारातली साडी. मले काय तेच काम होतं काय सकाळी सकाळी?

आता माहं डोकं खराब करू नोको. चार महिने झाले, एक सही होऊन नाई राह्यली तुह्याकून. बाबा बी म्हनून राह्यले का मंजीनं सही केली नाई तर मालेगावच्या घराची पायरी चढू देनार नाई. मंग कोठी जाशीन? सासू ताट फेकते अन माहेर बंद.

तुह्या भल्यासाठीच सांगतो. अठी एक ऑपरेटर हाये, आपल्याच समाजाचा, बायको मेलेली. मी त्याच्याजवळ गोठ काढली, तो तुले पोरीसकट करून घ्याले तयार हाये. वय जरा जास्त हाये, पन तू बी आता कोवळी नवरी नाई, नखरे करू नोको. केस मिटली का लगेच उरकून टाकू.

उलट टपालानं सही केलेला कागद पायजे.

नरेंद्र


कामरगाव
२० एप्रिल २०२४

नरेंद्रदादा,

तू इचारलं नाई, म्हनून मी सांगते भांडन कायच्यावरून झालं.

ते म्हनले, मी आज कामावर जात नाई. मी म्हनलं, काहून? तर म्हने, तुह्या भावानं अन शेठनं जुनं छोटं कपलर काढून भंगारातून मोठं आनून बसवलं. त्याच्यासंगं पिन आलीच नाई. तीन महिने झाले, बिनापिनीचंच चालू हाये. जुनी पिन त्याच्या छिद्रात घातली तर निरा गळून पडते. शेठले म्हनलं तर म्हने उद्या पाहू, अन तुहा भाऊ म्हनते मी एका मिनिटात बकेट बदलवतो, पिनीसाठी कोन थांबते? वरून मलेच म्हनते खाली जाऊन पाह्य. एखाद दिवशी ती माह्याच अंगावर येईन.

अन मी काय म्हनलं सांगू? मी म्हनलं, काम तुमाले नाई कराचं अन नाव माह्या भावाचं खराब करता. माहा भाऊ तुमाले मरू देईन काय?

त्याइनं डबा तसाच ठेवला, चप्पल घातली अन गेले.

म्हनजे दादा, मले पैल्या दिवसापासून ठाऊक होतं का पिन नोहती. नसलेली पिन मानूस इसरते कसा? अन पिशवीत मंग कोन्ती पिन निंगाली? वाशीमहून मी पंचनाम्याची नक्कल आनली. त्यात जाडी लिवली हाये, बावीस मिलिमीटर. माह्या अंगठ्याएवढी. जुन्या कपलरची पिन हाये ती. अन कुदळीच्या दांड्याएवढी पायजे हे तूच लिवलं, तुह्या सुंदर अक्षरात. ते मोठं कपलर ठान्याच्या आवारात पडलं हाये. छिद्र कोनी बी मोजून पाहावं.

फोन मी यासाठीच उचलत नोहती. फोनवर तू रडून मोकळा झाला असता. कागदावर तू बढाई मारशीन हे मले ठाऊक होतं. तुही बहीन हाये मी. बझरची वायर मी इचारली नोहती, खाली धाडलं ते कबूल करशीन असं वाटलं नोहतं. तू सोताच देल्लं सगळं, एक मिनिटवाला म्हनून घ्यासाठी.

२१ मे ले वर्ष होते. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला हाये. वंदना झाली का गेलेल्या मानसाबद्दल ज्याले त्याले दोन शब्द बोलता येते, तुले रीत ठाऊकच हाये. मी काही भाषन करनार नाई. तुहे पत्र वाचनार हाये, तारखेनं.

मंजुषा


साईड ऑफिस, हिमाचल
७ मे २०२४

मंजू, माही माय, तुह्या पाया पडतो.

असं करू नोको. ते झालं तवा शेठचा फोन आला. म्हने काहीतरी कर, नाई तर दोघंबी अंदर जाऊ. जुनी पिन टूलबॉक्सात होती. प्रसेनजितची पिशवी केबिनच्या मांगं टांगलेली होती. माहं डोकं चालत नोहतं. लोक त्याले झाकून राह्यले होते अन मी पिन त्याच्या पिशवीत घातली. मानसाले त्या टायमाले काय सुचते, तूच सांग.

विहारात बाबा असतीन, सारा समाज असन. माह्या दोन लेकराइनं शाळेत कसं जावं? सख्ख्या भावाले बुडवून तुहा नवरा वापस येईन काय? मी स्नेहाले, तुह्या वहिनीले, तुह्याकडे धाडून राह्यलो. तिले यातलं काही ठाऊक नाई, काही सांगू नोको. सारे पत्र तिच्याजवळ दे. हे पत्र वाचून फाडून टाक.

तुहा अभागी,
दादा


कामरगाव
२६ मे २०२४

नरेंद्रदादा,

स्नेहावहिनी २० तारखेले मालेगावहून आली. दारात उभ्या उभ्याच म्हने, मंजूताई, त्याइचे पत्र दे, मले चुलीत टाकाले सांगतलं. मी म्हनलं, घे, पन चुलीत टाकाच्या आधी वाच. ओट्यावर बसून तिनं सारे वाचले. सात-आठ मिनिटाचं तिनं दोनदा वाचलं. मंग पानी मांगितलं. मले म्हने, पिशवीतून पिन निंगाली तवा हे घरी येऊन रडले होते, म्हने कसा इसरला माहा जवाई. मीच डोळे पुसले त्याइचे.

दुसऱ्या दिवशी विहारात मी वाचाले उभी राह्यली. तुह्या पैल्याच पत्रात तू लिवलेलं माह्या जिभेचं आलं अन मी तठीच थांबली. वहिनीनं माह्या हातातून कागद घेतले. म्हने, त्याइचं अक्षर माह्याइतकं कोनालेच लागत नाई. अन बाकीचे तिनं वाचले, एक शब्द न गाळता. शेवटचं, तू फाडाले सांगतलेलं, ते सुदा.

बाबा पैल्या रांगेत होते. पायरी चढू देनार नाई, हे आलं तवा ते उठून उभे राह्यले अन मोठ्यानं म्हनले, मी असं कधीच म्हनलो नाई. मंग काठी शोधत शोधत भाईर गेले. त्याइले इतकं म्हातारं झालेलं मी पाह्यलं नोहतं. किशन टँकरवाला मांगं उभा होता, त्यानं साऱ्याइच्या समोर सांगतलं का तुले टूलबॉक्स उघडतांनी त्यानं पाह्यलं. तूच म्हनलं होतं ना, किशनले इचार.

मूळ पत्र वाशीमच्या वकिलाजवळ हायेत. एक एक नक्कल ठान्यात देल्ली अन एक तुह्या साईड ऑफिसच्या मोठ्या साहेबाच्या नावानं रजिस्टर केली. तू नव्या पोट्ट्याइले शिकवनार होता, तर त्याइले बी वाचाले भेटावं. पिन कशी लावाची ते तू फार सोपं करून लिवलं हाये. वहिनी लेकराइले घेऊन तिच्या माहेरी गेली. तुहा फोन आला तर उचलू नोको असं मी तिले सांगतलं नाई. तिनंच मले सांगतलं.

तुले वाटत असन मंजी जिंकली.

वहिनीचं वाचून झालं. मी पुन्हा उभी राह्यली अन त्या सकाळचं सांगतलं. ते जात नोहते, हे. मी काय म्हनलं, ते बी. सासूबाई खाली बसल्या होत्या. त्याइनं मान वर केली अन एवढंच इचारलं, म्हनजे तो म्हने का मी जात नाई, अन तूच त्याले धाडलं? मी व्हय म्हनलं.

तुह्यावर आता केस होईन. तुले वकील भेटन, तारखा भेटतीन, एखाद दिवशी शिक्षा होईन अन ती भोगून तू सुटशीन बी. माह्यावर कोनी केस केली नाई. कोन्या कलमात बसत नाई ते.

सासूबाई आता ताट फेकत नाई. रोज सकाळी सात वाजता उठून दोन भाकरी टाकते, सुकेशनीच्या बाबाचा डबा भरते, झाकन लावते अन माह्यासमोर आनून ठेवते. मंग माह्याकडे पाहत राह्यते. मी डबा उचलते, अन्न कुत्र्याले टाकते, घासून फळीवर ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा भरून माह्यासमोर येते.

मंजुषा